दोन वर्षांचे मन्वंतर

संस्थांचा इतिहास लिहिताना आपल्या मनात नकळत एक मोजपट्टी तयार असते, आणि ती असते वर्षांची. जी संस्था पन्नास वर्षे टिकली ती थोर, जिने शतक पाहिले ती पूज्य आणि जी दोन-तीन वर्षांत विराम पावली ती केवळ उल्लेखापुरती, असा हा सोपा हिशेब आहे. सरकारी नोकरीत ज्येष्ठतेची यादी डोळ्यांपुढे ठेवून जगणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना तर हा हिशेब विशेष जवळचा वाटतो. परंतु कलेच्या क्षेत्रात तो पुष्कळदा फसवा ठरतो. मराठी रंगभूमीच्या इतिहासातले एक उदाहरण या दृष्टीने पुन्हा तपासून पाहण्यासारखे आहे. ते म्हणजे १९३३ साली मुंबईत उदयाला आलेल्या आणि अवघ्या दोन वर्षांत अस्तंगत झालेल्या ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेचे.

नावातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. पुराणांच्या कालगणनेप्रमाणे एक मन्वंतर म्हणजे एकाहत्तर महायुगांचा काळ. मानवी वर्षांत मांडू गेल्यास तो तीस कोटींच्या पलीकडे जातो. असे भव्य नाव धारण करणाऱ्या संस्थेला आयुष्य लाभले ते जेमतेम दोन वर्षांचे! एखाद्या विनोदी लेखकाला एवढे भांडवल पुरेसे झाले असते. पण मन्वंतर या शब्दाचा दुसराही अर्थ आहे. मनू बदलणे, म्हणजे एक कालखंड संपून दुसऱ्याला आरंभ होणे. या अर्थाने ते नाव सार्थ ठरले की नाही, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अल्पायुषी कलासंघाचे हे कोडे एकट्या महाराष्ट्राचे नव्हे. इंग्लंडातले एक अलीकडचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेडुतांचे ‘कंट्री’ संगीत आणि शहरी तरुणांचे ‘रॉक’ संगीत यांचा संगम अमेरिकेत झाल्यावर त्याचे पडसाद ब्रिटनमध्ये उमटले. तेथील काही वादकांनी परदेशातले हे सूर आपल्या गळ्यात आणि वाद्यांत उतरवून पाहिले. इयन मॅथ्यूज हा गायक १९६९ साली ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या प्रसिद्ध संघातून बाहेर पडला आणि त्याने ‘मॅथ्यूज सदर्न कम्फर्ट’ नावाचा आपला वाद्यवृंद उभारला. पेडल स्टील गिटार या खास अमेरिकन वाद्याला त्यात मानाचे स्थान होते. जोनी मिचेल या कवयित्री-गायिकेचे ‘वुडस्टॉक’ हे गीत त्यांनी स्वतःच्या ढंगाने गायिले, आणि १९७०च्या ऑक्टोबरअखेर ते ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचून तेथे तीन आठवडे राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅथ्यूजने संघ सोडला. उरलेल्यांनी नाव आखूड करून आणखी काही काळ गाडा ओढला आणि १९७२च्या सुमारास तोही थांबला. उसने घेतलेले गीत, परक्या मातीतला ढंग, क्षणिक यश आणि लगेच पांगापांग अशी ही गोष्ट आहे. आपल्या नाट्यमन्वंतराची कथा हिच्याशी अनेक बाजूंनी मिळतीजुळती आहे. फरक इतकाच, की आपली कथा हिच्याआधी सदतीस वर्षे घडून गेली आणि तिचे परिणाम कितीतरी खोल गेले.

नाट्यमन्वंतराने काय केले हे कळण्यासाठी त्यापूर्वीची रंगभूमी कशी होती हे पाहिले पाहिजे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून मराठी नाटकाला गाण्याची सोबत होतीच. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे खरे युग सुरू झाले. त्या नाटकात पदांची संख्या दोनशेच्या आसपास होती. तथापि ती पदे आटोपशीर, साकी-दिंडीच्या आणि परिचित चालींच्या अंगाने जाणारी, कथानक पुढे ढकलणारी अशी होती. पुढे शास्त्रोक्त गायकीचा प्रवेश झाला आणि पदांचे स्वरूप बदलले.

या बदलाशी आपण राहतो त्या जयपूरचा निकटचा संबंध आहे, ही गोष्ट येथे शास्त्रीनगरासारख्या वसाहतींत बिऱ्हाड करून राहिलेल्या मराठी वाचकांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. जयपूर संस्थानातल्या उणियारा येथले गायक अल्लादियाखाँ महाराष्ट्रात आले, कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले, आणि त्यांची पेचदार गायकी ‘जयपूर घराणे’ या नावाने मराठी मुलखातच फुलली. आज मराठी रसिकाला जयपूर म्हटले, की हवामहालाइतकेच केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचे स्मरण होते, ते यामुळेच. या गायकीचा ओघ रंगभूमीकडेही वळला. ‘मानापमान’ या १९११ सालच्या नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे आणि १९१६च्या ‘स्वयंवर’ नाटकाचे संगीत रचणारे भास्करबुवा बखले हे दोघेही अल्लादियाखाँच्या गायकीने भारलेले होते. बालगंधर्वांच्या कंठातून ही पदे बाहेर पडली आणि महाराष्ट्र वेडा झाला. राजस्थानच्या मातीतले सूर अशा रीतीने सांगली-साताऱ्याच्या सामान्य माणसाच्या ओठांवर गेले. हा ऋणानुबंध लहान नव्हे.

परंतु प्रत्येक वैभवाच्या पोटी त्याच्या ऱ्हासाचे बीज असते. ‘स्वयंवरा’त पन्नासाहून अधिक पदे होती. प्रेक्षक ‘वन्स मोअर’चा गजर करीत आणि नट तेच पद पुनःपुन्हा नव्या ताना घेऊन आळवीत. रात्री सुरू झालेले नाटक उजाडण्याच्या सुमारास संपे. शोकाकुल नायिका आपले दुःख बाजूला ठेवून ऑर्गनजवळ येई, पाऊण घटका गाई आणि मग पुन्हा दुःखात बुडे. गाणे हे नाटकासाठी की नाटक गाण्यासाठी, हा प्रश्न सुज्ञांना पडू लागला होता. शिवाय नाटक मंडळी म्हणजे एक फिरते खटलेच असे. नट, साथीदार, आचारी, शिंपी, पडदे रंगविणारे चित्रकार अशा सर्वांचे पोट एका तिकीटविक्रीवर चाले. मखमली पडदे आणि भरजरी शालू यांचा खर्च वाढत गेला आणि नामांकित मंडळ्यांच्याही डोक्यावर कर्जाचे डोंगर उभे राहिले.

अशा अवस्थेत १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत झळकला, आणि पुढल्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीतून बोलू लागला. थोड्या आण्यांत, थोड्या तासांत, गाणे आणि अभिनय दोन्ही मिळू लागल्यावर प्रेक्षक तिकडे वळला यात नवल नाही. दीनानाथ मंगेशकरांची बलवंत संगीत मंडळी १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ या चित्रपटाच्या मागे लागली. खुद्द बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका करण्यास गेले. ललितकलादर्शचे आधारस्तंभ बापूराव पेंढारकर १९३७ साली निवर्तले. पाच-सहा वर्षांच्या अवधीत अर्धशतकाचे वैभव ओसरून गेले.

नाट्यमन्वंतराचा जन्म झाला तो या पडझडीच्या ऐन मध्यावर. घर कोसळत असताना शहाणा माणूस मौल्यवान वस्तू बाहेर काढतो. या मंडळींनी मात्र त्याच जागेवर नव्या घराचा आराखडा मांडला. कोण होती ही मंडळी? पहिले के. नारायण काळे. कवी, समीक्षक, पाश्चात्त्य नाट्यशास्त्राचे चिकित्सक अभ्यासक. दुसरे पार्श्वनाथ अल्तेकर. आवाजाचे आणि शब्दोच्चारांचे मर्म जाणणारे दिग्दर्शक. रेडिओ हे माध्यम नवे असताना त्याच्यावर नाटके करणाऱ्या ‘रेडिओ स्टार्स’ या हौशी संघाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तिसरे श्रीधर विनायक वर्तक. संस्थेचे नाटककार. चौथे अनंत काणेकर. १९३३ सालीच ‘चांदरात’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झालेले तरुण कवी आणि निबंधकार. पाचवे केशवराव दाते. महाराष्ट्र नाटक मंडळीच्या गद्य रंगभूमीवर नावारूपाला आलेले, संयत अभिनयाचा आदर्श मानले गेलेले नट. आणि सहावे केशवराव भोळे. डॉक्टर होण्यासाठी मुंबईस आलेले आणि संगीताच्या नादाने ती वाट सोडून दिलेले, ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांवर मर्मग्राही लेख लिहिणारे संगीतज्ञ.

ही यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. यातले बहुतेक जण सुशिक्षित, मध्यमवर्गीय, इंग्रजी वाङ्मयावर पोसलेले होते. मंडळीच्या पंक्तीत जेवून, वर्षानुवर्षे पाय चेपून नाट्यकला शिकलेले नट यांत फार थोडे. येथे पुस्तकातून आणि चर्चेतून रंगभूमीकडे आलेली माणसे एकत्र जमली होती. त्यांच्या बळाचे हे कारण होते, आणि त्यांच्या दुर्बळतेचेही.

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतराने आपले पहिले नाटक रंगभूमीवर आणले. नाव ‘आंधळ्यांची शाळा’. मूळ नाटक नॉर्वेजियन लेखक ब्यर्नस्टर्न ब्यर्नसन याचे ‘एन हान्स्के’, म्हणजे ‘हातमोजा’. ब्यर्नसन हा इब्सेनचा समकालीन आणि १९०३ सालच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी. नॉर्वेचे राष्ट्रगीतही त्याचेच. १८८३ साली लिहिलेल्या या नाटकात त्याने एक साधा पण जळजळीत प्रश्न विचारला होता. विवाहापूर्वीच्या शुचितेची अपेक्षा समाज केवळ स्त्रीपासून करतो, पुरुषापासून का करीत नाही? वाग्दत्त वराच्या पूर्वायुष्याचे सत्य कळताच नायिका आपला हातमोजा त्याच्या तोंडावर भिरकावते, यावरून नाटकाला ते नाव पडले. वर्तकांनी या कथेला मराठी घराचा वेष चढविला. हातमोजा आपल्याकडे कोणी वापरीत नाही, आणि तो फेकण्यातला अपमान आपल्या प्रेक्षकाला कळण्याचा संभव नव्हता. म्हणून नव्या नावाने रोख बदलला. जे दिसते ते न पाहण्याचे शिक्षण देणारा समाज म्हणजे आंधळ्यांची शाळा. भाषांतरात शब्दाऐवजी आशय कसा नेता येतो याचा हा चांगला नमुना होय.

या प्रयोगात नवे काय होते, हे एकेक करून पाहणे इष्ट ठरेल. पहिली गोष्ट नेपथ्याची. रंगविलेले राजवाडे आणि उद्याने यांचे गुंडाळी पडदे जाऊन तेथे तीन भिंतींची, दारे-खिडक्या असलेली, खऱ्या सामानाने सजलेली खोली आली. तिच्यात माणसे घरात बोलावे तशी बोलत, बसत, उठत. न्यायबुद्धीने सांगायचे तर हे अगदीच अपूर्व नव्हते. मामा वरेरकरांच्या ‘सत्तेचे गुलाम’ या नाटकात ललितकलादर्शने १९२२ सालीच त्या दिशेने पाऊल टाकले होते. परंतु तेथे जी गोष्ट अलंकार म्हणून आली होती ती येथे नाटकाची गरज म्हणून आली. नाटक घराच्या चार भिंतींआडच्या असत्यासंबंधी असेल, तर त्या भिंती प्रेक्षकाला दिसल्याच पाहिजेत.

दुसरी गोष्ट स्त्रीभूमिकांची. बालगंधर्वांच्या रूपाने पुरुषाने स्त्री साकारण्याची परंपरा कळसाला पोहोचली होती आणि तिच्यावर महाराष्ट्राचे अपार प्रेम होते. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ साली आपली नाटक मंडळी काढून स्त्रियांनी रंगभूमीवर वावरण्याचा मार्ग धैर्याने मोकळा केला होता. ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक या दोन विवाहित स्त्रिया आपल्या पतींच्या सहकार्याने रंगमंचावर उभ्या राहिल्या. एकीचा पती नाटकाचा संगीतकार, दुसरीचा नाटककार. स्त्रीच्या आणि पुरुषाच्या नीतीची मापे निराळी का, असा सवाल करणारे नाटक लुगडे नेसलेल्या पुरुषाने केले असते, तर त्या सवालाची धारच बोथट झाली असती. प्रश्न विचारणारा कंठ स्त्रीचाच हवा होता, आणि तो लाभला. मध्यमवर्गीय कुटुंबांतल्या मुलींना नाटकात काम करणे ही अप्रतिष्ठेची गोष्ट वाटेनाशी झाली, तिचा आरंभ येथून धरण्यास हरकत नाही.

तिसरी गोष्ट संगीताची. माझ्या मते सर्वांत दूरगामी ठरली ती हीच. केशवराव भोळे हे शास्त्रोक्त संगीताचे द्वेष्टे नव्हते. उलट मोठमोठ्या गायकांच्या गायकीचे त्यांनी केलेले विवेचन आजही आदराने वाचले जाते. परंतु ज्या स्थळी जे शोभते तेच तेथे असावे, हा त्यांचा आग्रह. मैफलीत ख्याल एक घटका चालावा. नाटकात मात्र पात्राची मनःस्थिती व्यक्त झाली, की गाणे थांबले पाहिजे. म्हणून त्यांनी पदांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठेवली. गीते काणेकरांनी लिहिली. छोटी, भावपूर्ण, आधुनिक कवितेच्या वळणाची. चाली आटोपशीर. ताना नाहीत म्हटले तरी चालेल. शब्द स्पष्ट ऐकू यावा, त्यातला भाव सुरांनी उजळावा, आणि पात्राने गायकाची बैठक न घेता बोलता बोलता गावे, अशी योजना. प्रसंगाला उठाव देण्यासाठी पार्श्वसंगीताचाही त्यांनी उपयोग केला.

ही गीते गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई तेव्हा अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. गोव्यातल्या बांदिवडे गावी १९१४ साली जन्मलेल्या दुर्गा केळेकर या मुलीचा केशवरावांशी १९३२ साली विवाह झाला आणि ती ज्योत्स्ना भोळे झाली. शास्त्रोक्त तालमीने कसलेला, तरीही शब्दाशी इमान राखणारा तो स्वर होता. तिच्या ‘बिंबा’ने त्या नाटकात गायिलेली गीते तबकड्यांवरून घरोघर पोहोचली आणि नाटक न पाहिलेल्यांनाही पाठ झाली. सवाई गायकीच्या श्रवणाला सरावलेल्या कानांना इतके साधे गाणे पुरेसे वाटेल काय, ही शंका अनेकांना होती. ते पुरेसे वाटले, इतकेच नव्हे तर अधिक वाटले. भावगीत म्हणून ज्याला आज आपण ओळखतो तो प्रकार याच काळात आकार घेत होता. गोविंदराव जोशी आणि जे. एल. रानडे यांच्या गायनाने त्याला श्रोते मिळत होते. नाट्यमन्वंतराने त्याला रंगभूमीवर हक्काची जागा दिली.

‘आंधळ्यांची शाळा’चे स्वागत मुंबईच्या सुशिक्षित वर्गाने मोठ्या उत्साहाने केले. पण त्यानंतर? त्यानंतर वर्तकांचीच ‘लपंडाव’ आणि ‘तक्षशिला’ ही नाटके संस्थेने केली. त्यांना पहिल्या नाटकाचे भाग्य लाभले नाही. १९३५च्या सुमारास नाट्यमन्वंतराचे कार्य थांबले.

असे का व्हावे? कारणे शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे प्रयोजन नाही. पहिले कारण नाटककारांचा तुटवडा. नव्या पद्धतीची रंगभूमी उभी राहिली, पण तिच्यासाठी लिहिणारे हात निर्माण झाले नव्हते. एका परकीय नाटकाच्या उत्तम रूपांतराने दार उघडता येते, संसार चालविता येत नाही. दुसरे कारण प्रेक्षकांचे. ज्या नागर, इंग्रजी शिकलेल्या वर्गाला ही नाटके रुचली, तो मुंबई-पुण्याबाहेर विरळ होता. जुन्या मंडळ्या बेळगावपासून नागपूरपर्यंत मुक्काम ठोकीत आणि गावोगावचा प्रेक्षक त्यांना सांभाळून घेई. मन्वंतराला तो आधार नव्हता. तिसरे कारण नाट्यगृहांचे. एकामागून एक नाट्यगृहे बोलपटांच्या ताब्यात जात होती. जी उरली त्यांचे भाडे परवडत नसे. आणि चौथे, सर्वांत निर्णायक कारण म्हणजे बोलपटांचे आकर्षण. ज्या गुणांमुळे ही मंडळी रंगभूमीवर वेगळी ठरली, नेमक्या त्याच गुणांची बोलपटाला गरज होती. संयत अभिनय, स्वाभाविक संवाद आणि आटोपशीर गीत या सर्व गोष्टी कॅमेऱ्यापुढे शोभणाऱ्या होत्या.

प्रभातने ही माणसे अचूक हेरली. केशवराव दाते १९३४ सालच्या ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूच्या भूमिकेत चमकले. त्याच चित्रपटाला संगीत दिले केशवराव भोळ्यांनी. पुढे ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘रामशास्त्री’ अशी त्यांची संगीतमालिकाच झाली. ‘कुंकू’त दात्यांनी रंगविलेला जरठ वर मराठी चित्रपटसृष्टी विसरलेली नाही. के. नारायण काळे यांनी प्रभातसाठी ‘वहाँ’ आणि ‘माझा मुलगा’ हे चित्रपट दिग्दर्शित केले. अल्तेकरांनीही चित्रपट दिग्दर्शित केले. पण त्यांचे चित्त नाट्यशिक्षणात अधिक रमले आणि मुंबईच्या भांगवाडीत त्यांनी चालविलेल्या ‘लिटल थिएटर’मधून पुढच्या पिढीने अभिनयाचे धडे घेतले.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. काही जाणकार म्हणतात, नाट्यमन्वंतराचे महत्त्व अतिशयोक्तीने सांगितले जाते. थोड्या नागर लोकांनी एक परकीय नाटक केले, त्यांच्याच वर्गातल्या समीक्षकांनी त्याचा गौरव केला आणि तो गौरव पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. आमजनतेची रंगभूमी तमाशाच्या बोर्डावर आणि दशावताराच्या मांडवात तेव्हाही जिवंत होती. तिला या मन्वंतराची वार्ताही नव्हती. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. शिवाय, मन्वंतराने संगीत नाटकाचा शेवट केला हा समजही बरोबर नव्हे. १९६०चे ‘पंडितराज जगन्नाथ’, १९६४चे ‘मत्स्यगंधा’ आणि १९६७चे ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकांनी संगीत रंगभूमीला पुन्हा बहर आणला. संगीत नाटक मेले नव्हते, ते विसावा घेत होते.

तथापि या उत्तरकालीन नाटकांकडे जरा बारकाईने पाहिले तर मन्वंतराची खूण तेथेही सापडते. पदांची संख्या मर्यादित आहे. गाणे पात्राच्या स्वभावातून आणि प्रसंगातून उगवते. ‘कट्यार’मध्ये तर गाणे हाच कथेचा विषय आहे, म्हणून तेथे दीर्घ गायन शोभते. नाटक आणि गाणे यांच्यात कोणी कोणाचे स्वामी व्हावे, हा प्रश्न मन्वंतराने एकदा स्पष्टपणे उपस्थित केल्यानंतर कोणत्याही विचारी नाटककाराला तो टाळून पुढे जाता आले नाही. १९४१ साली मो. ग. रांगणेकरांनी ‘नाट्यनिकेतन’ काढली. १९४२च्या ‘कुलवधू’त त्यांनी बैठकीच्या खोलीतले कौटुंबिक नाटक, मोजकी गीते आणि ज्योत्स्नाबाईंचा स्वर हाच संच वापरून उदंड लोकप्रियता मिळविली. मन्वंतराने पेरले आणि नाट्यनिकेतनाने कापले, असे म्हटल्यास कोणावरही अन्याय होणार नाही. पेरणाऱ्याचे शेत दुसऱ्याने कापावे ही व्यवहारात दुःखाची गोष्ट असेल. कलेच्या इतिहासात ती नित्याची आहे.

यावरून दीर्घायुष्याच्या मोजपट्टीविषयी काय म्हणावे? माझे उत्तर असे, की संस्था दोन प्रकारच्या असतात. एक, ज्या जतन करतात. दुसऱ्या, ज्या आरंभ करतात. जतन करणाऱ्या संस्थेने दीर्घकाळ जगले पाहिजे, तिचे कामच तसे आहे. वाचनालय दोन वर्षांत बंद पडले तर त्याचा उपयोग नाही. आरंभ करणाऱ्या संस्थेचे तसे नाही. तिने एक गोष्ट शक्य आहे एवढे सिद्ध करून दाखविले, की तिचे निम्मे कार्य झाले. उरलेले निम्मे म्हणजे तिच्यात घडलेली माणसे इतरत्र काय करतात हे. नाट्यमन्वंतराचे पाच-सहा लोक पांगले, पण ते रिकाम्या हातांनी पांगले नाहीत. जो तो आपल्याबरोबर एक दृष्टी घेऊन गेला.

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणांसाठी हा निष्कर्ष केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा नाही. आपल्या मराठी मंडळांचे आणि हौशी नाट्यसंघांचे आयुष्य बदलीच्या हुकमावर अवलंबून असते. दिग्दर्शक कोट्याला जातो, नायिकेच्या यजमानांची बदली गुवाहाटीस होते, पेटी वाजविणारे गृहस्थ सेवानिवृत्त होऊन पुण्यास परततात, आणि जमून आलेला संच मोडतो. मग मागे राहिलेले खेदाने म्हणतात, ‘आमचे मंडळ टिकले नाही.’ शास्त्रीनगरात काय किंवा अन्य कोणत्याही वसाहतीत काय, हे उद्गार ऐकू येतातच. पण खेद करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. ते मंडळ होते तोवर त्याने एखादी गोष्ट नव्याने करून पाहिली काय? आणि त्यातून गेलेली माणसे नव्या गावी काही घेऊन गेली काय? या दोहोंची उत्तरे होकारार्थी असतील, तर मंडळ मोडले असे म्हणू नये. ते पसरले असे म्हणावे.

त्याबरोबर मन्वंतराच्या अपयशातला धडाही विसरता कामा नये. एका चांगल्या प्रयोगाच्या यशावर संस्था जगत नाही. दुसरे नाटक कोण लिहिणार, याची तजवीज पहिले नाटक चालू असतानाच करावी लागते. आपली मंडळे गणेशोत्सवात पुण्या-मुंबईची गाजलेली नाटके हौसेने करतात. परंतु ज्या प्रदेशात आपण वर्षानुवर्षे राहतो, त्या प्रदेशातले जीवन, येथील माणसे, आपल्या मुलांच्या बोलण्यात मिसळलेली हिंदी आणि ढूंढाडी, घर आणि गाव यांमधली आपली ओढाताण, या विषयांवर स्वतःचे नाटक लिहिणारे किती निघतात? वर्तकांनी नॉर्वेतली खोली मुंबईत आणली. जयपुरातली मराठी खोली रंगमंचावर आणायला आपल्याला समुद्र ओलांडावा लागत नाही.

अल्लादियाखाँ येथून निघाले तेव्हा आपण महाराष्ट्राला काय देणार आहोत हे त्यांनाही पुरते ठाऊक नसेल. ‘आंधळ्यांची शाळा’चा पहिला पडदा उघडला तेव्हा त्या तरुण मंडळींनाही आपण दोनच वर्षे टिकणार आहोत हे ठाऊक नव्हते. त्यांनी हिशेब केला नाही, काम केले. पुराणातल्या मनूंची वर्षे कोणी मोजलेली नाहीत. नाट्यमन्वंतराची मात्र मोजता येतात. ती दोनच भरतात, आणि एका रंगभूमीचा मनू पालटण्यास ती पुरेशी झाली.